यशोदाकाकूंची राखण

मंगळसूत्र तुटलं, असं यशोदाकाकूंच्या पायरीवर कुणी म्हणत नाही. वाढलं म्हणायचं. हल्लीच्या मुली चुकून बोलून जातात. काकू त्यांना रागवत नाहीत, नुसतं हातातलं काम थांबवून बघतात. मग मुलगी आपणच शब्द फिरवते.

गिरगावात एका जुन्या सोनाराच्या दुकानाबाहेर तीन पायऱ्या आहेत. त्यातल्या मधल्या पायरीवर डाव्या अंगाला काकूंची बैठक. एक गोणपाट, त्यावर चौघडी, पुढ्यात बुटकं लाकडी स्टूल, स्टुलाला ठोकलेला पितळेचा आकडा, आणि एका डब्यात रेशमाच्या लड्या. दागिने गाठायचं काम. पोत, मंगळसूत्र, ठुशी, मुलांचे करदोडे. सोनार सोनं घडवतो, पण ते गळ्यात राहतं ते पटवेकऱ्याच्या दोऱ्यावर, असं काकूंचे यजमान कमलाकांत सांगत असतात. पायरी मुळात त्यांचीच, त्यांच्या वडिलांपासूनची.

अठरा वर्षांपूर्वी कमलाकांतांचा उजवा हात कापायला लागला. आधी सुईत दोरा जाईना, मग चहाचा कप बशीवर वाजू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने वाजणं कमी झालं, थांबलं नाही. दुकानदार म्हणाला, दुसरा माणूस बघतो. तर काकू दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून पायरीवर येऊन बसल्या. लग्न झाल्यापासून त्या घरी बसून नवऱ्याला रेशीम पीळ देऊन द्यायच्या. सगळ्या गाठी डोळ्यांनी शिकलेल्या होत्या, हातांनी तेवढ्या बाकी होत्या. बाई माणूस रस्त्यावरच्या पायरीवर बसणार का, असं आळीत दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्याच बोलणाऱ्यांपैकी एक बाई आपली पोत घेऊन आली.

कमलाकांत दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून काम करायचे. सगळे पटवेकरी तसंच करतात. काकूंना ते पटेना. सौभाग्याचं लेणं पायाला कसं लावायचं? त्यांनी स्टुलाला आकडा ठोकून घेतला. बाकीच्यांनी थट्टा केली, की ही बाई आता मंगळसूत्राला खुर्ची देणार. काकू हसल्या आणि आकडा तसाच ठेवला.

आणखी एक रीत त्यांनी सासऱ्यांकडून घेतली, ती मात्र जशीच्या तशी. बाई मंगळसूत्र गाठवायला आली की जुना दोरा कापायच्या आधी तिच्या गळ्यात हळदीत भिजवलेला दोरा बांधायचा. गळा क्षणभरही मोकळा राहता कामा नये. आधी नवं बांधायचं, मगच जुनं सोडायचं. घाईतल्या बायका म्हणतात, असू दे हो काकू, पाच मिनिटांचं तर काम. काकू ऐकून घेतात आणि दोरा बांधतात.

पण काकूंची खरी गोष्ट ती नाही. ती आहे राखणीची, आणि ती गेल्या वर्षीपर्यंत कुणाला ठाऊक नव्हती.

काकू पायरीवर बसायला लागून वर्ष झालं असेल. लालबागच्या रखमाबाईंचं मंगळसूत्र त्यांनी गाठून दिलं होतं. ते हिंदमाताला साड्यांच्या दुकानात, मुलीच्या लग्नाचा बस्ता घेताना, वाढलं. काळे मणी साड्यांच्या ढिगात, गाद्यांच्या खाली, कुठे कुठे पळाले. दुकानातली माणसं गुडघ्यावर बसून शोधत होती. दुसऱ्या दिवशी रखमाबाई रुमालात मणी बांधून पायरीवर आल्या. भांडल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की एक वाटी सापडली नाही. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक सासरची असते, एक माहेरची. गेली ती माहेरची. आणि रखमाबाईंना माहेर आता उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून काकू प्रत्येक कामात रेशमाच्या पोटातून एक जादा धागा घालू लागल्या. काळा, बारीक, मेण लावलेला. बाहेरचं रेशीम झिजलं, उसवलं, अगदी सुटलं, तरी हा आतला धागा घरी पोचेपर्यंत सगळं धरून ठेवील. त्याला त्या मनातल्या मनात राखण म्हणायच्या. त्यापायी प्रत्येक दागिन्यामागे पाव तास जास्त जायचा. त्याचं त्यांनी वेगळं कधी मागितलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं तर मिरवल्यासारखं होतं. कमलाकांत शेजारी बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे आणि म्हणायचे, "आमच्या हिचा हात जरा सावकाश आहे हो, बसा." काकू देवीचं नाव घेत राखण ओवत राहायच्या.

सुनेत्रा ही त्यांची जुनी गिऱ्हाईक. गिरगावच्या पोस्टात काउंटरवर असते, राहते परळच्या चाळीत. येता-जाता पायरीशी थांबून दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नाही. तिची मुलगी अक्षता म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकली, मग शिकतच गेली, आणि आता माटुंग्याच्या एका संस्थेत भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करत होती. सहा वर्षं झाली होती. सुनेत्राला पोस्टात लोक विचारायचे, मुलगी कसली डॉक्टर होणार, हाडांची का डोळ्यांची? सुनेत्रा म्हणायची, नसलेल्या दिशांची.

गेल्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, अक्षता एकटीच पायरीवर आली. पिशवीतून तिने लोकरीचा एक गुंता काढला.

"काकू, मला एक गाठ करून हवीये. पण दागिन्याची नाही."

तिने वहीत चित्र काढलं. तीन कडी, लाल, पिवळं, हिरवं. ती समजावून सांगू लागली, तर काकूंचं बोट तिच्या पेन्सिलीच्या पुढे गेलं. लाल पिवळ्याच्या पूर्ण वरून, पिवळं हिरव्याच्या पूर्ण वरून, आणि हिरवं पुन्हा लालच्या वरून. म्हणजे कुणीच कुणाच्या आत अडकलेलं नाही. दोन-दोन घेऊन पाहिलं तर मोकळीच. पण तिन्ही मिळून मात्र सुटायची नाहीत.

अक्षता बघत राहिली. हे कळायला तिच्या वर्गातल्यांना अर्धा तास लागला होता.

"आमच्या चाळीत तीन जावा होत्या तशाच," कमलाकांत म्हणाले. "दोघी-दोघींचं पटायचं नाही, पण तिघी मिळून सासूला भारी."

मग काकूंनी विचारलं, की याचा आणि तुझ्या अभ्यासाचा काय संबंध? अक्षताला लोक असं विचारायचे आणि उत्तराच्या मधेच मोबाईल बघायचे. काकू सुई खाली ठेवून बसल्या, म्हणून ती नीट सांगू लागली.

जगातल्या वस्तू ज्या ओढींनी एकमेकींना धरून असतात, विजेची ओढ, अणूच्या पोटातली ओढ, त्यांचे नियम असतात. त्या नियमांचं गणित ती करते. बहुतेक ओढी अंतरावर असतात, लांब गेलं की कमी होतात. पण काही परिणाम असे असतात, की लांब-जवळ, वाकडं-सरळ, कशाने फरक पडत नाही. कोण कुणाभोवती कसं गुंतलंय, एवढंच मोजलं जातं. या तीन कड्यांसारखं. ओढा, ताणा, पिळा, गुंता तोच राहतो. एक कडं कापलं तरच जातो.

इथपर्यंत काकूंना सगळं ओळखीचं वाटलं.

"आणि ती नसलेली दिशा?" त्यांनी विचारलं.

अक्षताने काकूंच्या पुढ्यातलं फडकं उचललं. समजा, ती म्हणाली, आपण सगळे या फडक्याच्या वरच्या अंगावर राहतो. आपल्याला हेच जग वाटतं. पण फडक्याला जाडी आहे. ती आपल्याला दिसत नाही, आपण तिकडे वळू शकत नाही. माझ्या गणितात जगाला तशी एक आतली दिशा आहे. आता एक नियम आहे, की विजेचा भार कधी नाहीसा होत नाही. पण अगदी बारीक पातळीवरचं गणित, क्वांटमचं, या वरच्या अंगावर मांडलं, की थोडासा भार नाहीसा झालेला दिसतो. नियम मोडला. याला विसंगती म्हणतात. विसंगती उरली तर सगळं गणितच फुकट, जग उभंच राहत नाही.

"मग जातो कुठे तो?"

"आत. त्या आतल्या दिशेला. वर जेवढा कमी पडतो, बरोबर तेवढाच आतून वाहतो. दोन्ही मिळून पाहिलं की काहीच हरवलेलं नसतं."

काकूंनी फडकं तिच्या हातातून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. अक्षताला वाटलं, कळलं नसावं.

मग तिने अडचण सांगितली. प्रबंध दोन परीक्षकांकडे गेला होता. एकाला आवडला. दुसरे चेन्नईचे, फार मोठे, त्यांनी लिहून पाठवलं होतं, की तिसऱ्या प्रकरणात चिन्हं बरोबर आहेत, पण ही मुलगी नुसती चिन्हं हलवते आहे की तिला दिसतंही आहे, ते समजत नाही. तोंडी परीक्षेला ते स्वतः येणार होते. त्यांचं समाधान झालं नाही तर ते प्रकरण पुन्हा लिहायला लावतील. म्हणजे सहा महिने. आणि दुसऱ्या शहरात तिला मिळालेली जागा महिन्याच्या आत डॉक्टरेट दाखवली तरच राहणार होती. म्हणून निदान तीन कड्यांचा गुंता तरी ती समोर करून दाखवणार होती. लोकरीचा करून पाहिला, तो लोंबतो, मागच्यांना दिसत नाही. रेशमाचा, बोटाएवढा जाड, ताठ पीळ असलेला, असा फक्त काकूच करू शकतील, असं आई म्हणाली.

"पण काकू, एक लक्षात ठेवा हां. हिरवं कापलं की बाकीची दोन आपोआप सुटून पडली पाहिजेत. तेच दाखवायचंय."

"कापलं की सुटलं पाहिजे," काकूंनी म्हणून पाहिलं. त्यांच्या तोंडाला ते शब्द परके होते. "माझ्या हातचं सुटलेलं कुणी बघितलं नाही गं अजून."

"या वेळी बघू दे," अक्षता म्हणाली.

त्या आठवड्यात पायरीवर श्वास घ्यायला सवड नव्हती. सात मंगळसूत्रं, दोन ठुश्या, आणि एका नवरीची सबंध मोत्यांची जोडी. अक्षताची कडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी झाली. सुनेत्रा पोस्टातून सुटल्यावर घेऊन गेली. गोल, घट्ट, चकचकीत. शिवण कुठे आहे ते शोधून सापडणार नाही अशी. सुनेत्राने हट्टच धरला, की उद्या तुम्ही यायचं. परीक्षा असली तरी कुणालाही बसता येतं. "आमच्याकडून कोण येणार, मी आणि तिची आजी. यशोदाताई, तुम्ही असलात की बरं."

दुसऱ्या दिवशी काकूंनी कमलाकांतांना पायरीवर बसवलं, इरकल नेसल्या आणि बसने माटुंग्याला गेल्या.

खोली लहानच होती. वीस-पंचवीस खुर्च्या, फळा, पडद्यावर आकडे नसलेलं गणित. शेवटच्या रांगेत सुनेत्रा, तिची सासू बकुळाआजी आणि काकू. आजींनी पांढरी साडी नेसली होती आणि खोलीत सगळ्यांना जय भीम घातला होता, चेन्नईच्या सरांनासुद्धा. त्यांनीही हात जोडले होते. साधा सुती शर्ट, पांढरे केस, हातात पेन. अक्षताचे मार्गदर्शक कुलकर्णी सर बाजूला बसले होते, तिच्याहून जास्त घाबरलेले.

सगळं इंग्रजीत चाललं. काकूंना रंग तेवढे कळत होते. रेड, यलो, ग्रीन. अक्षता छान बोलत होती. हात हलवत होती, हसत होती. अर्ध्या-पाऊण तासाने तिने पिशवीतून कडी काढली आणि स्टँडला लटकवली. पुढचे लोक कौतुकाने वाकून बघू लागले. सुनेत्राने काकूंना कोपराने हळूच ढोसलं.

अक्षताने कात्री घेतली.

तेव्हा काकूंना मेणाचा खडा आठवला.

मेण त्यांना एकाच कामाला लागतं, राखणीच्या धाग्याला. आणि काल दुपारी खडा संपला म्हणून त्यांनी कमलाकांतांना नवा आणायला पाठवलं होतं. संपला तेव्हा हातात काय होतं? मोत्यांची जोडी सकाळीच गेली होती. हातात हिरवं कडं होतं. देवीचं नाव घेत त्या ओवत होत्या, आणि हाताने सोळा वर्षं जे केलं तेच केलं होतं. लालच्या पोटातून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात. जिथे कडं कड्याला टेकतं तिथून आत, बाहेरून तुसभरही न दिसता.

ओरडावं तर पोरीची परीक्षा चाललेली. कात्री चालली. हिरव्या कड्याचं तोंड उघडलं, दोन टोकं लोंबली. अक्षताने हात पुढे केला, सुटणारी कडी झेलायला.

काही सुटलं नाही.

तिने हलवून पाहिलं. लाल आणि पिवळं एकमेकांना धरूनच राहिली. हिरवंही त्यांना लटकून. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, वाईट हेतूने नसेल, पण हसलं. कुलकर्णी सर अर्धे उठले आणि पुन्हा बसले. चेन्नईच्या सरांनी चष्मा वर केला. अक्षताच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली, ती शेवटच्या रांगेतून दिसत होती.

काकू गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. वस्तू बिघडली, होतं असं. पण मग पोरीला वाटत राहिलं असतं की आपणच कुठे चुकलो, आणि तसं वाटलं की माणूस पुढच्या प्रश्नाला अडखळतो. त्या उभ्या राहिल्या.

"तिचं चुकलं नाही. माझं चुकलंय," त्या मराठीत म्हणाल्या. "आत धागा आहे. मी घातलाय."

सगळ्या माना मागे वळल्या. कुलकर्णी सरांनी चेन्नईच्या सरांना काय झालं ते इंग्रजीत सांगितलं आणि काकूंना पुढे बोलावलं. त्या गेल्या. राखण म्हणजे काय, ती कशासाठी, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. रखमाबाईंच्या माहेरच्या वाटीचं सांगितलं. ते सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय बाकीचं कळलं नसतं. कुलकर्णी सर भाषांतर करताना त्या वाटीपाशी थोडे थांबले.

अक्षताने तोवर कात्रीच्या टोकाने लाल कड्याचं रेशीम उभं उसवलं होतं. आत काळा धागा. तो तिने नखाने उचलला. लालमधून पिवळ्यात कुठे शिरतो ते बघितलं, मग हिरव्यात. बराच वेळ ती नुसती बघत होती. सुनेत्राला वाटलं, आता रडणार.

ती वळली आणि बोलायला लागली. ती काय बोलली ते काकूंना नंतर सुनेत्राने सांगितलं, आणि सुनेत्राला तिने घरी तीनदा विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, सर, तुम्ही विचारलं होतं की मला दिसतं का. आत्ता दिसलं. वरून पाहणाऱ्याच्या हिशेबाने हिरवं कापल्यावर गुंता संपायला हवा होता. संपला नाही. म्हणजे वरच्या अंगावरचा नियम मोडला. पण मोडला नाहीये. जे बाहेर कमी पडलं ते आतून धरलेलं आहे. बाहेरून मोजणाऱ्याला विसंगती दिसते, आतलं धरून मोजलं तर काहीच हरवलेलं नाही. माझं तिसरं प्रकरण हेच सांगतं.

चेन्नईचे सर लगेच खूश झाले असं नाही. त्यांनी मान हलवली आणि काकूंकडे पेन दाखवून काहीतरी म्हणाले. काकूंनी कुलकर्णी सरांना विचारलं, माझ्याबद्दल बोलतायत का?

"ते म्हणतात, उपमा छान आहे, पण लंगडी आहे," कुलकर्णी सर म्हणाले. "गणितात ते आतलं असावंच लागतं. ते नसेल तर बाहेरचं उभंच राहत नाही. तुम्ही मात्र धागा आपल्या मर्जीने घातलात. घातला नसता तरी चाललं असतं."

"मर्जीचा नाही हो तो," काकू म्हणाल्या. "तो घातल्याशिवाय माझी गाठच बसत नाही."

कुलकर्णी सरांनी ते जसंच्या तसं सांगितलं. मग चेन्नईच्या सरांनी पेनाचं टोपण लावलं, खिशात ठेवलं, आणि खुर्चीत मागे टेकून पहिल्यांदा हसले.

त्याने परीक्षा संपली असं मात्र नाही. पुढे तास-सव्वा तास त्यांनी अक्षताला फळ्यावर उभं केलं, एकेक चिन्ह तपासलं, दोनदा पुसायला लावलं. काकू शेवटच्या रांगेत पुटपुटत बसल्या होत्या. बकुळाआजींनी विचारलं, काय म्हणता? काकू म्हणाल्या, देवीचं नाव घेते. आजी म्हणाल्या, घ्या तुम्ही, मीही मनात त्रिशरण म्हणतेय, कुठलं तरी पोचेल. दोघींचं म्हणून होईतो खडू खाली ठेवला गेला होता, आणि चेन्नईचे सर अक्षताला डॉक्टर म्हणून हाक मारत होते.

बाहेर व्हरांड्यात इडली आणि फिल्टर कॉफी होती. सुनेत्रा कप हातात घेऊन उभी होती, पण पीत नव्हती. तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्रावर गेला होता.

"यशोदाताई," ती म्हणाली, "माझ्यातपण आहे?"

"आहे की. तीनदा गाठून दिलंय तुझं, तिन्ही वेळा घातलीय."

सुनेत्राने कप खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. मुलगी पास झाली तेव्हा ती रडली नव्हती.

गोष्ट गिरगावात पोचायला दोनच दिवस लागले, सुनेत्राचं काउंटर पोस्टात आहे म्हटल्यावर. मग बायका येऊन विचारू लागल्या, काकू, तो आतला धागा घालता ना? काकूंना भारी संकोच वाटायचा. कमलाकांतांना मुळीच नाही. "आमच्या हिचा हात सावकाश का, ते आता चेन्नईपर्यंत कळलंय," असं ते प्रत्येकाला सांगायचे. एकदा गिऱ्हाईक नसताना काकूंनी त्यांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का हो? ते म्हणाले, अगं, सोळा वर्षं मेण कोण आणून देतंय?

पंधरा दिवसांनी अक्षता पेढे घेऊन आली. जागा पक्की झाली होती, आठवड्यात निघायचं होतं. चेन्नईच्या सरांनी ती उसवलेली कडी आपल्याबरोबर नेली होती, वर्गात दाखवायला. तिला आता दुसरी हवी होती. या वेळी खरोखर सुटणारी.

"मुलांना दोन्ही दाखवायला लागतील ना काकू. न सुटणारी का सुटत नाही ते कळायला आधी सुटणारी बघावी लागते."

काकूंना नाही म्हणता येईना. त्यांनी मेणाचा नवा खडा कमलाकांतांच्या हातात दिला. "मुठीत ठेवा. मी मागितला तरी द्यायचा नाही." कमलाकांतांनी थरथरत्या मुठीत तो घट्ट धरला. पूर्ण दुपार काकू काम करत होत्या. दोनदा न बघता डावा हात पुढे केला आणि दोनदा कमलाकांतांनी मूठ मागे घेतली. एवढं मोठं काम त्यांच्या हाताला सतरा वर्षांत कुणी दिलं नव्हतं. पहिली गाठ उलटली. दुसरीही बसेना, सैल वाटायची. सगळं उसवून तिसऱ्यांदा केली तेव्हा कडी झाली. दिसायला आधीच्यासारखीच. काकूंना मात्र हातात घेतल्यावर ती हलकी लागली.

"एकदा कापून बघायला लागेल," अक्षता म्हणाली. "त्या दिवशीसारखं नको व्हायला. नंतर हिरवं तेवढं पुन्हा जोडून द्या."

"बघ. पण कात्री तूच चालव. आणि पायरीवर नको, खाली फुटपाथवर उतर."

अक्षता हसत खाली उतरली. तिने एका हातात कडी धरली, दुसऱ्या हातात कात्री.

"थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी हळदीच्या दोऱ्याची वाटी ओढली. "नुसतं कापायचं नाही. हात इकडे कर, मोकळा आहे का बघू."

अक्षताने हात पुढे केला. मनगटावर पांढरा दोरा होता, दुहेरी, नवाकोरा. परवाच आजीने घरी परित्राण पाठ ठेवला होता, पोरगी परगावी निघाली म्हणून. पाठ झाल्यावर भंतेजींनी तो रक्षणाचा दोरा सगळ्यांना बांधला होता.

काकूंनी त्या दोऱ्याची गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. घट्ट होती. वाटी त्यांनी परत जागेवर ठेवली.

"आहे बांधलेलं. मग चालेल," त्या म्हणाल्या. "काप आता."